हौसाबाईंनी मान हलवली

सारिका उरणेला या व्यवहारातून काय मिळणार होतं ते आधी मांडून ठेवलेलं बरं, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की बाई उगाच नटायला गेली.

पहिलं म्हणजे काउंटरवरची, म्हणजे आता पडद्यावरची, जागा टिकणार होती. इचलकरंजीतल्या ज्या पतसंस्थेत ती नोकरीला होती, तिथले काचेमागचे काउंटर केव्हाच बंद झाले होते. ग्राहक घरी बसून फोन लावायचा, पडद्यावर संस्थेचं माणूस दिसायचं, आणि ठेव, कर्ज, वारसाचं नाव, सगळं तिथल्या तिथं उरकायचं. बोलणं संपलं की ग्राहकानं तारे द्यायचे. तारे घसरले की त्या माणसाला पडद्यावरून उचलून कबनूरच्या गोदामात कागद तपासायला बसवायचे, आणि तिथली नेमणूक वर्षावर्षाची. गोदामात गेलेलं माणूस पुन्हा पडद्यावर दिसल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. दुसरं, शाखाप्रमुखाची जागा दिवाळीनंतर रिकामी होणार होती आणि सारिकाइतकं काम येणारं दुसरं कुणी शाखेत नव्हतं. तिसरं असं, की प्रत्येक फोननंतर तारे उमटेपर्यंत पोटात जो खड्डा पडायचा, तो बुजणार होता. हे तिसरं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. खरं वजन त्याचंच होतं.

आणि जाणार काय? थोडे दिवस सूज, थोडे दिवस गरम चहा बंद. तिला तेवढंच दिसलं होतं.

तिला कुणी सक्ती केली नाही, हेही नोंदवायला हवं. सक्ती न करण्याची कला तोवर बरीच पुढे गेली होती. शाखाप्रमुख बिरनाळे साहेब स्वतः तिच्या टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "मॅडम, करा म्हणून कोण म्हणतंय? तुमची मर्जी. फक्त संस्थेनं निम्मा खर्च उचलायचं ठरवलंय, ते तुमच्या कानावर घातलं. उद्या म्हणाल, साहेबांनी सांगितलं नाही."

"पुरुषांनाही आहे का हो ही सवलत?"

"आहे की. ठरावात 'सर्व कर्मचारी' असंच लिहिलंय." बिरनाळे हसले. तंबाखूनं त्यांचे पुढचे दात विटकरी झाले होते आणि खालचा ओठ एका बाजूला लोंबत होता. त्यांच्या ताऱ्यांना काही होत नव्हतं. 'अनुभवी वाटतात', असं ग्राहक त्यांच्याविषयी लिहीत. सारिकाविषयी आताशा लिहीत, 'मॅडम दमलेल्या वाटतात'. वयानं बिरनाळेच मोठे होते.

साहेब गेल्यावर शेजारच्या पडद्यावरची फरजाना मुल्ला म्हणाली, "अगं, करून टाक. मी केलं तेव्हा अम्मी रडली, म्हणाली देवानं दिलेलं तोंड. मी म्हटलं, देव तारे देत असता तर तसंच ठेवलं असतं."

"दुखतं का?"

"दुखत नाही. आपलं नसल्यासारखं वाटतं. मग तेही वाटायचं बंद होतं."

आता हे नेमकं होतं काय, ते सांगायला हवं. त्याआधीची काही वर्षं बनावट चेहऱ्यांनी लोकांना पुरतं नागवलं होतं. फोनवर मुलाचा चेहरा दिसायचा, मुलाचा आवाज यायचा, म्हातारे खात्यावरचं सगळं काढून द्यायचे, आणि मुलगा मात्र कुठेतरी वर्गात बसलेला असायचा. त्यावर कायदा झाला, की बँका आणि पतसंस्थांच्या पडद्यावर दिसणारा चेहरा खराच असला पाहिजे. रंग उजळणं नाही, सुरकुत्या पुसणं नाही, काही नाही. कायदा चांगलाच होता. पण ग्राहकांना गुळगुळीत चेहऱ्यांची सवय लागली होती, आणि सवयीला कायदा लागू होत नाही. चित्र बदलायची बंदी आल्यावर बदलायला चेहरा तेवढा उरला.

ओठांत भरायचं जेल जुनंच होतं. आपल्याच शरीरात सापडणारी, पाणी धरून ठेवणारी एक साखर. ती भरली की ओठ टपोरतात आणि काही महिन्यांत शरीर ती खाऊन टाकतं. 'सुरेख' नावाचं नवं जेल त्याच्या पुढचं होतं. त्या साखरेत रेशमाच्या धाग्याहूनही बारीक कृत्रिम तंतू विणलेले होते, वीज लागली की आखडणारे. तोंडाभोवतीचा गोल स्नायू हलतो तेव्हा त्यात अगदी क्षीण वीज खेळते. ती वीजच या तंतूंचा खुराक, आणि तोच त्यांचा हुकूम. पहिले काही आठवडे फोनचा कॅमेरा बघत राहायचा, कुठल्या हालचालीवर लोक खूश होतात, कुठलीवर नाही, आणि फोन ते तंतूंना शिकवायचा. मग तंतू ओठांना हळूहळू त्या पसंत आकारांकडे ओढायचे. 'ओ'चा गोल फार गोल होऊ द्यायचा नाही. 'ई' म्हणताना कोपरे फार ताणू द्यायचे नाहीत. 'प' म्हणताना ओठ मिटायचे, पण दाबले जायचे नाहीत. कंटाळा, चीड, थकवा कोपऱ्यात उतरायच्या आधीच जेल तो कोपरा उचलून धरायचं.

आवाजाला काही व्हायचं नाही. जीभ आणि घसा आपली कसर भरून काढतात, ऐकणाऱ्याला शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू येतो. कंपनीनं चाचण्या कसून केल्या होत्या. उकळता चहा पिऊन पाहिला होता, शिट्टी वाजवून पाहिली होती, चुंबनाचीही चाचणी झाली होती आणि तिला स्वयंसेवक कमी पडले नव्हते. ओठांकडे बघून ऐकणारं माणूस मात्र कुणी बोलावलं नव्हतं.

एक अट छापलेली होती आणि डॉक्टरांनी ती तोंडानंही सांगितली. "दिवाळीपर्यंत नको वाटलं तर या, एक इंजेक्शन दिलं की विरघळेल. त्यानंतर स्नायू तंतूंमधून वाढतो. मग ते तुमचंच मांस."

सारिकाला ते ऐकून बरंच वाटलं होतं. टिकाऊ वस्तूचं तिच्या घरात कौतुक होतं.

त्या घरात ती, तिचा नवरा दत्ता आणि तिची आई हौसाबाई अशी तिघं. दत्ता यंत्रमागांची दुरुस्ती करायचा. काम असलं तर चार गावं फिरायचा, नसलं तर आरशासमोर मिशांना पीळ द्यायचा. जेलविषयी त्याचं मत विचारलं तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, "मला तू आहेस तशीच चांगली वाटतेस." चांगला माणूस. दूधसंघाला फोन लावल्यावर पडद्यावरच्या कुठल्या बाईला आपण स्वतः किती तारे देतो, हे मात्र त्याच्या मनात आलं नाही.

हौसाबाईंचे कान यंत्रमागांनी खाल्ले होते. ऐन तारुण्यापासून त्या एका शेडमध्ये कांडी मशीनवर होत्या, मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरायला. चारी बाजूंनी मागांचा खडखडाट. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, आवाजानं त्या एकदा मोडल्या की पुन्हा उगवत नाहीत. चाळिशी उलटेपर्यंत हौसाबाईंना देवळातली घंटाही ऐकू येईना. कानाला यंत्र बसवायचं तर आतली नसच दुबळी झालेली. बोललेलं अक्षरांत दाखवणारा चष्मा सारिकानं आणला होता. पण दुसरीत शाळा सुटलेल्या बाईला पळती अक्षरं काय वाचता येणार? "ही मुंग्यांची रांग माझ्या नाकावर कशाला?" म्हणून त्यांनी तो काढून ठेवला.

त्यांना त्याची गरजही नव्हती. शेडमध्ये ओरडून उपयोग नसायचा, म्हणून तिथल्या बाया आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायच्या. मागांच्या चार ओळींपलीकडून मुकादम कुणाला काय म्हणाला, ते हौसाबाई कांडी न थांबवता सांगायच्या. आणखी एक रीत होती तिथली. समजलं की मान हलवायची. नाही समजलं तरी हलवायची आणि मागाहून अंदाजानं निभावायचं, कारण पुन्हा विचारायचं म्हणजे समोरचीचा हात थांबवायचा.

सारिका त्या शेडच्या कोपऱ्यात गोणपाटावर बसून अभ्यास करत वाढली. बिनआवाजाचं बोलणं तिला बाराखडीच्या आधी आलं. मायलेकी जगासमोर उघड्यावर गुपितं बोलायच्या. दत्ता तिला बघायला आला, तेव्हा पाहुण्यांच्या डोक्यांवरून हौसाबाईंनी ओठांनी कळवलं होतं, 'मिशांच्या मागं माणूस बरा दिसतोय.' सारिका हातातल्या पोह्यांसकट हसली आणि दत्ता समजला, मुलीला आपण पसंत आहोत. लग्नात, बारशात, तेराव्यालासुद्धा सारिका मांडवाच्या या टोकाकडून काहीतरी बोलायची आणि त्या टोकाला हौसाबाई फुटायच्या. स्वतःचं हसू त्यांना ऐकू यायचं नाही, त्यामुळे ते आवरायचंही नाही. ठसका लागल्यासारखं, भांडी पडल्यासारखं हसू. अख्खा मांडव वळून बघायचा.

दत्ताला यातलं काही मिळायचं नाही. त्याचे ओठ मिशांआड. "मामी माझं अर्धंच ऐकतात," तो तक्रार करायचा.

"अर्धं पुरतं त्यास्नी," हौसाबाई मुलीला ओठांनी सांगायच्या.

श्रावणात सारिकानं जेल भरून घेतलं. सुजलेलं तोंड बघून हौसाबाई म्हणाल्या, "काय गं, गांधीलमाशी डसली व्हय?" आणि पोट धरून हसल्या. सूज उतरली, तशा त्या थोडा वेळ बघत राहिल्या. "ग्वाड दिसतीस," म्हणाल्या.

तारे वाढले. भराभर वाढले. 'मॅडम प्रसन्न वाटतात', लोक लिहू लागले. कर्ज नाकारलेला माणूसही आभार मानून फोन ठेवू लागला. पोटातला खड्डा खरोखरच बुजला. सारिका घरी यायची, आईसमोर बसायची, दिवसभराचं सांगायची आणि हौसाबाई मान हलवायच्या.

एके दिवशी तिनं सांगितलं, "गवार निवडून ठेव, मी आल्यावर टाकते." आली तर गवार तशीच आणि तांदूळ निवडलेले. दुसऱ्या दिवशी फरजाना घरी आली, चहा घेऊन गेली. ती गेल्यावर हौसाबाई म्हणाल्या, "ह्या पोरीच्या तोंडात सदा पान आसतंय का गं? कायबी कळंना." सारिका हसली. फरजानाचं बोलणं हिंदीकडे झुकतं म्हणून असेल, असं तिला वाटलं. पुढच्या आठवड्यात 'आज सण आहे, शेजारी वाण द्यायचंय' असं तिनं दोनदा सांगूनही हौसाबाई मान हलवून अंगणात झाडत राहिल्या.

मग त्यांनी स्वतःच बोलून टाकलं. भाकरी थापता थापता, तव्याकडे बघत. "सारे, डोळं गेलं माझं."

सारिका समोर येऊन उभी राहिली. "काय होतंय?"

हौसाबाईंनी मान हलवली. मग हात पुसले. "तुझं त्वांड दिसतंय. पर त्यातलं काय गावंना. आधी कान गेलं, आता हेबी. मला डोळ्याच्या डाक्टरकडं न्हे."

चूक जेलची असेल, हे त्या बाईच्या मनातही आलं नाही. शेडमध्ये जिच्या नजरेतून एक ओठ सुटला नव्हता, तिनं दोष स्वतःच्या नजरेलाच दिला. आणि सारिकाच्या मनात? तिच्या मनात आलं असेल, तर तिनं ते फार वेळ बसू दिलं नाही. म्हातारपण, मोतीबिंदू, हे सोपं होतं. त्याला वैरी लागत नाही.

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू आहे, कोवळा आहे, थांबलात तरी चालेल. हौसाबाई थांबायला तयार नव्हत्या. "मला माझ्या पोरीचं बोलनं पायजे," त्या मोठ्यानं म्हणाल्या. त्यांना आपला आवाज कळत नसे, त्यामुळे बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना तो ऐकू गेला. नवरात्रात शस्त्रक्रिया झाली.

पट्टी निघाली त्या दुपारी हौसाबाई दारात खुर्ची टाकून बसल्या. समोरच्या गच्चीवरच्या वाळत्या पातळाचा काठ कुठे विरलाय ते त्यांनी सांगितलं. भिंतीवर चढणारी मुंगी दाखवली. खूश होत्या. मग वळून सारिकाला म्हणाल्या, "हां, बोल आता. काहीतरी मस्करीचं बोल."

सारिका बोलली. पूर्वी अशा वेळी बोलायची तसंच, आवाज न काढता. बिरनाळेंच्या ओठावरून तंबाखू टायवर पडली, त्याची गोष्ट.

हौसाबाई बघत राहिल्या. नव्या भिंगातून, पापणी न लववता. मग त्यांनी मान हलवली आणि थोडं हसल्या. पाहुण्यांच्या विनोदाला हसतात तसं, आवाज न करता.

तेवढ्यात शांताक्का आली. शेडमधली जुनी सोबतीण, दात गेलेली, ओठ आत वळलेले. रस्त्याच्या पलीकडूनच तिनं नुसत्या ओठांनी काहीतरी विचारलं. हौसाबाईंनी खुर्चीतून ओरडून उत्तर दिलं, "दुखलं न्हाई गं! आन् तुझ्या सुनंचं काय झालं मग?" शांताक्का तिथूनच सुनेचं सांगू लागली आणि हौसाबाई फुटल्या. ठसका लागल्यासारखं, भांडी पडल्यासारखं.

सारिका दारात उभी होती. तिनं फोन काढला आणि स्वतःचा व्हिडिओ घेतला. आवाज बंद करून स्वतःलाच काहीतरी सांगितलं आणि मग पाहिलं. पडद्यावर एक प्रसन्न बाई सारखं एकच वाक्य बोलत असल्यासारखी दिसत होती. सारिकाला स्वतःचंच बोलणं वाचता येईना.

दिवाळी समोर होती, मुदत शिल्लक होती. तिनं दत्ताला सगळं सांगितलं.

"काढलंस तर?"

"तारे पडतील. एकदा वर गेलेले पडले की दुप्पट डोळ्यावर येतात. गोदाम. आणि प्रमुखाची जागा वडगाव शाखेतल्या कुणा मुलीला."

"आणि नाही काढलंस तर?"

"तर आई."

"मामींना विचार," दत्ता म्हणाला. हे बोलणं शहाणपणाचं होतं की अंग काढून घेण्याचं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

सारिका आईसमोर बसली. ओठांना बोट लावलं, आत सुई टोचल्याची खूण केली, मग उपटून फेकल्याची. आणि सावकाश विचारलं, "आई, हे काढून टाकू का?"

हौसाबाईंनी मान हलवली.

आता ही मान कसली? काढ म्हणायची, की समजलं नाही म्हणायची? सारिकानं पुन्हा विचारलं, खुणा मोठ्या केल्या. मान पुन्हा हलली. सारिकाच्या डोळ्यांतून पाणी आलं; ते जेलला अडवता येत नव्हतं. पाणी मात्र हौसाबाईंना वाचता आलं. त्यांनी मुलीची हनुवटी धरली, ओठ या बाजूनं, त्या बाजूनं पाहिले, बाजारात वांगं बघावं तसे. शांताक्काच्या नातीनंही हेच करून घेतलं होतं. बहुधा शांताक्कानंच त्या दुपारी सगळं सांगितलं असावं.

"ह्यापायी व्हय," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मी आंधळी झाले."

मग हनुवटी सोडून म्हणाल्या, "नोकरी ह्याच्यावर हाय न्हवं?"

सारिकानं उत्तर दिलं नाही. उत्तर न देणं त्यांना वाचता आलं.

"ऱ्हाऊ दे मग. ग्वाड दिसतंय. मला कळतंय तुझं, थोडं थोडं कळतंय. सवय हुईल."

कळत नव्हतं. सारिकाला ते माहीत होतं आणि सारिकाला ते माहीत आहे हे हौसाबाईंना माहीत होतं. पण आईनं वाक्य पुढे केलं होतं, ते घेणं किंवा परत करणं मुलीच्या हातात होतं. सारिकाच्या छातीवरून काहीतरी उतरलं. ते सुटकेचं होतं. त्याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते खाली उतरतच राहिलं. दिवाळी आली. फराळ झाला. मुदत गेली.

पाडव्यानंतर दत्तानं मिशा काढल्या. न सांगता, न विचारता, चौकातल्या सलूनमध्ये. घरी आला तेव्हा वरचा ओठ उघडा, पांढरा, लहान मुलासारखा दिसत होता. "मामी," तो त्यांच्यासमोर बसून सावकाश म्हणाला, "सारिका म्हणते, गवार निवडून ठेवा."

"आत्ता कळलं," हौसाबाई म्हणाल्या. "जावईबापू, तुमचं त्वांड हितकं बारीक हाय व्हय?"

तेव्हापासून सारिकाला आईशी बोलायचं असलं की ती दत्ताला सांगते आणि दत्ता मामींना. गवारीचं जमतं. दुधाचं, औषधाचं, पाहुण्यांचं जमतं. दुसऱ्याच्या तोंडून जाण्यासारखं जेवढं असतं, तेवढं सगळं जातं.

आता कुणी काय दिलं तेवढं सांगून टाकू. संस्थेनं निम्मा खर्च दिला आणि हसऱ्या चेहऱ्यांची शाखा मिळवली. कंपनीनं काहीच दिलं नाही. बिरनाळेंनी सेवानिवृत्त होताना एक भाषण दिलं. दत्तानं मिशा दिल्या, आणि या सगळ्यांत न मागता देणारा तो एकटाच. सारिकाला मिळायचं ते सगळं मिळालं, तिन्हीच्या तिन्ही, त्यात कसूर नाही. राहता राहिल्या हौसाबाई. त्यांनी काय दिलं ते प्रमुखपदाच्या समारंभात दिसलं.

नाट्यगृह भरलेलं होतं. सारिका मंचावर, हार घालून, अध्यक्षांच्या शेजारी. हौसाबाई पहिल्या रांगेत, नवं लुगडं, नवे डोळे. अध्यक्षांचं भाषण लांबलं, ते हातवारे करू लागले आणि त्यांच्या डोक्यावरचा केसांचा टोप हळूहळू डाव्या कानाकडे सरकू लागला. सगळं नाट्यगृह गंभीर चेहऱ्यानं ते बघत होतं. सारिकाची नजर आपोआप आईकडे गेली. मोडायची राहून गेलेली जुनी सवय. टोपावर बोलायचं वाक्य तिच्या मनात तयार झालं, आणि ते ऐकून कसं हसू फुटलं असतं तेही तिला ऐकू आलं.

तिनं ओठ उघडायला घेतले.

ते उघडायच्या आधीच हौसाबाईंनी मान हलवली.